हमीदे, मला सांगायचं होतंस

हमीदे, तू गेलीस हे आमच्या मांजराला माझ्या आधी कळलं. स्वयंपाकघरात माझी सून नेहा तोंडावर पदर घेऊन रडत होती, आणि ते तिच्या पायाशी बसून सगळं ऐकत होतं. मी पलीकडच्याच खोलीत, तापाने फणफणत, दोन्ही मनगटं उशांवर ठेवून पडले होते. आणि माझ्या मुलाने, सतीशने, घरात हुकूम काढला होता, "आयेक आत्ताच सांगायचा नाय. तिचे सांधे उठलेत. ताण इलो तर आणखी उठतील."

आता हसू नकोस. हा धडा त्यांना शिकवला कोणी? तूच. आमच्या ओट्यावर बसून, सांदणं खाता खाता, माझ्या सुनेला बोट दाखवून सांगत होतीस, "नेहा, ह्या आजाराक चार गोष्टी आवडतत. जास्त काम, कमी झोप, चुकलेली गोळी आणि मनाक धक्को. हिका एकदम धक्को देव नको हां." पोरीने शब्द न् शब्द लक्षात ठेवला. तुझीच बातमी तुझ्याच नियमाखाली अडकली, बाई. मी फोनकडे हात केला की कोणीतरी म्हणायचं, चार्जिंगला लावलाय. हमीदेचा फोन आला का म्हटलं, तर त्यांच्याकडे रेंज नाही. तुमच्या बंदरावर रेंज नाही हे मला पटलं, कारण ती तिथे येते तशी जाते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा सतीश खाटेच्या कडेला येऊन बसला, आणि त्याचा चेहरा बघूनच मी म्हटलं, "कोण?"

तोवर तुला मातीत ठेवून झालं होतं. मी कब्रस्तानात येणार नव्हते, ते मला ठाऊक आहे. पण घरातून नेण्याआधी तुझं तोंड तरी बघितलं असतं. तुझ्या हातांकडे बघितलं असतं. ते हात मला माझ्या हातांइतकेच पाठ होते.

आपली गाठ पडली तो बाक आठवतो? कुडाळला महिन्यातून एकदा येणारा सांध्यांचा डॉक्टर, त्याच्या दवाखान्याबाहेरचा लांब बाक. मी तेव्हा नुकती पंचावन्नची तरुणी. तरुणीच म्हणते, कारण अक्कल तेवढीच होती. आयुष्यभर मी माझ्या मनगटांचा तोरा मिरवला होता. आमच्या वालावलीत माझ्याइतकं बारीक वाटण पाट्यावर कोणी वाटत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. ज्यांच्या घरी मिक्सर आला त्यांच्याकडे मी सुतक असल्यासारखी बघायची. आणि त्याच मनगटांनी सकाळी ब्लाउजचं हूक लावायला नकार दिला, तेव्हा ह्या विदुषीने काय निदान केलं असेल? बांगड्या घट्ट झाल्या. मग शेजारणीची नजर लागली. मग सोलकढी बंद केली. मग देवळात कौल लावला, देवाने उजवा कौल दिला, आणि मी खुशीत घरी येऊन सगळे वाळवणाचे कोकम एका बैठकीत फोडले, आणि चार दिवस हात उचलता आला नाही. देवाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्याने बरी होशील म्हटलं होतं, कोकम फोड म्हटलं नव्हतं.

तर त्या बाकावर मला तहान लागली. बाटलीचं झाकण मला उघडेना. शेजारी तू होतीस, बुरख्याच्या बाहीतून हात काढलास आणि म्हणालीस, "दी गो हयसर." तुझ्याने उघडेना. तू पलीकडच्या मास्तरांना दिलीस. त्यांनी दात ओठ खाल्ले, पुढच्या बाईला दिली. बाटली अख्खा बाक फिरून जशीच्या तशी माझ्याकडे परत आली. सगळे सांध्यांचेच रोगी ना! आधी तू हसलीस. मग मी. मग सगळा बाक इतका हसला की डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, काय झालं. आणि तू म्हणालीस, "डॉक्टर, आमका नंतर तपासा. आधी ह्या बाटलेक तपासा."

आत गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" शाळेत माझं गणित बघितलेल्या माणसाने मला असा प्रश्न विचारला नसता. मी म्हटलं, "सगळंच." त्यांनी पुन्हा विचारलं. मी घाबरून सात सांगितलं, मग वाटलं सात जास्त होतात, म्हणून पाच सांगितलं, आणि बाहेर आल्यावर रडले, कारण खरं तर नऊ होतं. तू माझ्या पाठीवर थोपटत म्हणालीस, "आकडे पुरुषांनी काढले. आपण आपला माप काढूया."

आणि आपण माप काढलं. नारळ खवता येतो तो नारळाचा दिवस. नारळ नाही पण भाकरी थापता येते तो भाकरीचा दिवस. भाकरीही नाही, फक्त पेजेचं वाडगं दोन तळव्यांत धरून तोंडाला लावता येतं, तो पेजेचा दिवस. रोज सकाळी दहाच्या सुमाराला, आखडलेले हात जरा सुटले की तुझा फोन. "मालते, आज काय?" "भाकरी." "आणि तुझा?" "माझी पेज." बस्स. त्या एका शब्दात जे होतं ते मला माझ्या पोटच्या पोराला तासभर बोलून सांगता येत नव्हतं. लोक विचारतात, कसं काय, बरं आहे ना? त्या प्रश्नाला बरं आहे सोडून उत्तरच नसतं. तू विचारायचीस, नारळ की भाकरी.

पुढे हे माप डॉक्टरांनाही सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, हे उत्तम आहे, पेजेचे दिवस लागोपाठ आले तर वाट बघत बसू नका, मला कळवा. आणि ताप असेल, किंवा एकच सांधा लालबुंद होऊन कढत झाला, तर त्याच दिवशी दाखवा. मी ते विसरले असते. तू नाही विसरलीस. तुझं लक्ष नेहमी माझ्यावर असायचं.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, म्हणून इथे पुरं करते. तू मध्ये बोलू शकत नाहीस ही सोय आहे.

तू म्हणायचीस, पेजेच्या दिवशी सगळेच जपतात, त्यात काय शहाणपण. जपायचं ते नारळाच्या दिवशी. हात मोकळे वाटले की आपल्याला वेड लागतं. साचलेलं सगळं आजच करायचं, कपाटं आवरायची, माळा झाडायचा, अंगण सारवायचं. आणि मग ते कोकमासारखं. म्हणून तू नियम काढलास, नारळाच्या दिवशी एकच कवड खवायची. अर्धा नारळ आज, दुसरी कवड फ्रिजमध्ये, उद्यासाठी. मी तुला रोज सांगायची, एकच खवली गो. आणि तू म्हणायचीस, "खोटा बोलतंस. दोन खवलंस. तुझो आवाज सांगता."

"आवाजात काय दिसतं तुला?"

"खुश आसस ना, म्हणून कळता."

तुझं खरं होतं, मी दोन्ही खवायची. कधी कधी शेजारणीचाही खवून द्यायची. आणि माझं म्हणणं असं होतं, हमीदे, की चांगला दिवस आला तर तो उद्यासाठी फ्रिजमध्ये कशाला ठेवायचा? उद्याचा काय भरवसा? नातीच्या लग्नात मी घावणे काढायला बसले, उठलेच नाही. तू लांबून डोळे वटारत होतीस. नंतर कितीतरी दिवस मी खाटेवर होते, आणि तू पेज घेऊन आलीस, एवढ्या लांबून, एसटी बदलून. मी म्हटलं, "मला पस्तावा नाही हां." तू चमचा माझ्या तोंडात घालत म्हणालीस, "पस्ताव म्हणता कोण? करूचा तर सांगान कर. आदल्या दिवशी पडान रव, दुसऱ्या दिवशी पडान रव, मधल्या दिवशी नाच होया तर. पण चोरून करू नको." मी तोंडातली पेज गिळली आणि पुढचा चमचा मागितला.

गोळीवरून झालेलं भांडण मात्र तू जिंकलीस, ते मी कबूल करते. ती चिमुकली पांढरी स्टेरॉइडची गोळी, जी सकाळी घेतली की दुपारी माणूस फुगडी घालतो. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करून बंद केली, पण माझ्या पानपुड्याच्या डब्यात एक पट्टी उरली होती, अडीनडीला. तुला कळलं तेव्हा तू ओरडली नाहीस. नुसता तुझा जुना फोटो दाखवलास. बाजारातल्या कुठल्याशा पुडीवाल्याची पुडी तू वर्षभर घेतली होतीस, जडीबुटी म्हणून, आणि आत तीच गोळी कुटलेली. फोटोत तुझा चेहरा पुरणपोळीसारखा गोल होता. मी म्हटलं, "अगो, छान दिसतंस की, भरलेली." तू म्हणालीस, "चेहरो भरलो, हाडां रिकामी झाली." ती पट्टी मी तेव्हाही टाकली नाही. पण कधी उघडलीही नाही.

ह्या वेळी उघडणार होते. सांगते.

बातमी कळल्यावर मी सतीशला म्हटलं, मला हमीदेच्या घरी ने. तो म्हणाला, बरी हो, मग जाऊ. नेहा म्हणाली, आई, ह्या हालतीत एवढा प्रवास? सगळे इतके प्रेमाने बोलत होते की भांडायलाही जागा नव्हती. मी मुलासुनेच्या घरात काचेच्या कपाटातली बरणी झाले होते, हमीदे. फुटेल म्हणून कोणी हात लावत नाही, आणि म्हणून काही भरतही नाही. मी डबा काढला. पट्टी हातात घेतली. दोन गोळ्या, आणि मी उद्या तुझ्या ओट्यावर ताठ चालत आले असते. पट्टीतून गोळी बाहेर काढायला अंगठ्यात जोर लागतो. तो अंगठ्यात नव्हता. मी तिथे बसून हसले. मग बराच वेळ रडले. मग नेहाला हाक मारून म्हटलं, ही पट्टी टाक, आणि डॉक्टरला फोन लाव.

डॉक्टरांनी तापाचं विचारलं, तापात थांबवलेली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी कधी सुरू करायची ते सांगितलं, रक्त तपासायला लावलं. आणि प्रवास? ते म्हणाले, जा, पण तुमच्या मैत्रिणीच्या पद्धतीने जा. तुझं नाव तिथपर्यंत होतं बघ.

तर मी तुझ्या पद्धतीने आले. आदल्या दिवशी काहीही केलं नाही, मटारसुद्धा सोलले नाहीत. सकाळी कोमट पाण्यात हात धरले, बोटं हळूहळू उघडमीट केली, गुडघा गरम लागत होता त्यावर थंड फडकं ठेवलं. खाऊन गोळ्या घेतल्या. निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं. वाटेत सतीशला गाडी थांबवायला लावून उतरले, आंब्याच्या सावलीत येरझारा घातल्या, परत बसले. तो घड्याळ बघत नव्हता, ह्याचं मला बरं वाटलं. पोरगा शिकतो आहे.

तुझ्या घरी इरफानने, तुझ्या थोरल्याने, माझ्यासाठी तीच खुर्ची पुढे ठेवली, जिच्या पायांखाली तू विटा घातल्या होत्यास, मला उठायला सोपं जावं म्हणून. तुझ्या डावांच्या दांड्यांना तू गुंडाळलेल्या चिंध्या तशाच होत्या. नळाला लावलेली लांब मूठ. फ्रिजच्या दाराला बांधलेली दोरी, मनगटात अडकवून ओढायची. मी सगळ्यांकडे बघत बसले. एवढ्या अकलेची बाई. आणि मग इरफानने खाली मान घालून सांगितलं.

"मावशे, आवशीच्या काळजाचा दुखणा वर्षभर होता. गोव्याक दाखवलेला. ती माका म्हणाली, मालतेक सांगू नको. तिचे सांधे उठतील."

वर्षभर, हमीदे. वर्षभर तू मला रोज सकाळी सांगत होतीस, आज नारळ. आज पण नारळ. मी तुझा हेवा करत होते! म्हणायची, हिची तब्येत बघा, आणि मी मेली पेज पीत बसलेय. तू जिना चढताना धापा टाकायचीस, आणि मी म्हणायची, जाडी कमी कर. तुझ्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. माझ्या आवाजातून तुला नारळाच्या कवडी मोजता यायच्या, आणि मला तुझ्या काळजाचं काही कळलं नाही.

मी चिडले तुझ्यावर. तुझ्याच घरात, तुझ्याच खुर्चीत बसून. इरफानला वाटलं मी पदराआड रडतेय, पण मी तुला शिव्या देत होते. तू मला शिकवलंस की दुखणं लपवायचं नाही, नारळ तर नारळ, पेज तर पेज. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा तूही सतीशसारखीच वागलीस. मला जपलंस, पण मला विचारलं नाहीस. अगं, सांधे उठले असते तर उठले असते! ते कसे बसवायचे ते मला येतं, तूच शिकवलंस. पण तुझ्यासाठी पेज घेऊन येण्याचा हक्क होता माझा. एसटी बदलून. वाटेत दोनदा उतरून. तो तू घेतलास माझ्याकडून. हे भांडण मी सोडणार नाही, वरती भेटलीस की पहिलं हेच.

आता माझंही ऐक. सगळ्यात वाईट दिवशी, जेव्हा जबडासुद्धा दुखायचा, तेव्हा मी फोनवर नुसतं हूं म्हणायची, आणि तू एकटीच बोलत राहायचीस. बंदरावर कोणाची होडी कशी अडकली, कोणाच्या सुनेने मटणात चिंच घातली, तुझ्या घोवाने, इरफानच्या बापाने, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर कसा शोधला. मी खाटेवर डोळे मिटून हूं हूं करत राहायची. त्यातल्या कितीतरी दिवशी जबडा दुखत नव्हता, हमीदे. मला नुसतं तुझं बोलणं ऐकायचं होतं. बोलले असते तर तू थांबली असतीस.

तुझ्याकडून आले आणि दुसऱ्या दिवशी सांधे उठले. उठणारच होते. मी ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि तो दिवस मोकळा ठेवला होता. खाटेवर पडून होते, पेजेचा दिवस, पण मन शांत होतं. हे दुखणं मी निवडलेलं होतं. असं दुखणं वेगळं असतं का, तुला विचारलं असतं.

आणि सतीशला जवळ बसवून मी म्हटलं, "बाळा, तू वाईट केलंस असा नाय म्हणत. पण ह्यापुढे माझ्या माणसांची बातमी माझ्यापासून लपवू नको. सांगताना बाजूक बस, पाणी दी, हात धर. पण सांग. मी दुखण्याची बाई आसंय, काचेची नाय." तो माझ्या पायांवरची चादर सारखी करत बसला.

काल सकाळी मी नुकती जागी झाले होते. बोटं अजून लाकडासारखी होती. सतीश आत आला. दारात उभा राहिला नाही, सरळ येऊन माझ्या शेजारी बसला. माझा हात हातात घेतला, तू घ्यायचीस तसा, न दाबता.

"आये, फोंड्यासून फोन इललो. मामा पडलो. कमरेचा हाड मोडलां. कणकवलीच्या दवाखान्यात नेल्यानी. शुद्धीर आसा, बोलता. ऑपरेशन दुपारी."

माझा थोरला भाऊ, हमीदे. फोंडाघाटचा. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा आणि दुप्पट हट्टी. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली, आणि मी सतीशकडे बघितलं. तो घाबरला होता. पण उठून गेला नाही.

"तू येतंस?" त्याने विचारलं.

"येतंय. पण हातपाय सुटूक अर्धो तास लागतलो. थांबशीत?"

"थांबतंय, आये," तो म्हणाला. आणि पाणी तापवायला उठला.